घराचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होते

गोव्यातल्या कारापूर-सर्वण पंचायतीच्या हद्दीत, किंवा डिचोली-पेडण्याच्या कुठल्याही गावात, पावसाळ्यात फिरताना एखादे अर्धवट घर हमखास दिसते. जोते झालेले असते, चिऱ्याच्या भिंती खिडकीच्या तळापर्यंत आलेल्या असतात, वरच्या थरावर निळी ताडपत्री आणि ती उडू नये म्हणून ठेवलेले चार सुटे चिरे. आत, जिथे उद्या बसायची खोली व्हायची, तिथे गुडघाभर टाकळा माजलेला. येणारा-जाणारा निदान करून मोकळा होतो: पैसे संपले असतील, नाहीतर भावाभावांत लागले असेल. दोन्ही कारणे खरी असू शकतात. पण बऱ्याचदा ना पैसे संपलेले असतात, ना कोणाचे वाजलेले असते. एक कागद पंधरा दिवस उशिरा आलेला असतो, इतकेच. त्या पंधरा दिवसांपायी दिवाळीचा गृहप्रवेश पुढच्या अक्षय तृतीयेवर जातो. पंधरवड्याचे सहा महिने कसे होतात, हे एकदा नीट मांडून पाहिले तर घर बांधणाऱ्याच्या निम्म्या वैतागाचा उलगडा होतो.

गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे 3000 मिलीमीटर पाऊस पडतो. तो साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि ऑक्टोबरच्या मध्यावर माघारी फिरतो. 2025 साली तर तो 25 मे रोजीच गोव्यात दाखल झाला. 15 ऑक्टोबर ते 31 मे हा उघडिपीचा काळ मोजला तर 228 दिवस भरतात. त्यातून रविवार, दिवाळी, नाताळ, शिगमो, गावची जत्रा वजा करा. गवंडी शिरगावच्या लईराईचा धोंड असेल तर ऐन एप्रिल-मेमधले त्याच्या व्रताचे दिवसही वजा करा. बाहेरून आलेले मजूर गावी जाऊन चार दिवसांऐवजी पंधरा दिवसांनी परततात, तेही धरा. दोनशे दिवससुद्धा हाती उरत नाहीत. जिथे पाऊस थोडा किंवा वर्षभर विखुरलेला असतो तिथे पंधरा दिवसांची दिरंगाई पंधरा दिवसांचीच राहते. इथे तिचा हिशेब शेवटच्या कदंब बससारखा आहे. गाडी पाच मिनिटांनी चुकली तरी थांबावे लागते सकाळपर्यंत.

हिशेब प्रत्यक्षच करू. एका मजल्याचे, वर स्लॅब असलेले साधे घर धरा. चर खणण्यापासून पाया, जोते आणि भराव यांना सात आठवडे. खांब आणि भिंती लिंटेलच्या वर नेण्यास आठ. सेंटरिंग, सळ्या बांधणे आणि स्लॅब ओतणे यांना तीन. एकूण अठरा आठवडे, म्हणजे 126 दिवस, आणि हा अंदाज काही फार सैल नव्हे. काम 15 नोव्हेंबरला सुरू झाले तर स्लॅब 21 मार्चला पडतो. 15 जानेवारीला सुरू झाले तर 21 मे उजाडतो. आणि 1 फेब्रुवारीला सुरू झाले तर तारीख निघते 7 जून, म्हणजे प्रत्यक्षात ऑक्टोबरनंतर केव्हातरी. जानेवारीचा मध्य आणि फेब्रुवारीची पहिली तारीख यांत अंतर सतरा दिवसांचे. पण एका घराला पावसाआधी डोके मिळते आणि दुसरे चार महिने उघडे भिजते. पहिल्या घरात पावसाळाभर वायरिंग, गिलावा, फरशी चालते. दुसऱ्यात ती कामे सुरू व्हायलाच नोव्हेंबर-डिसेंबर येतो.

रेषा स्लॅबवरच का ओढायची, याचे उत्तर साहित्यात आहे. आपला चिरा म्हणजे जांभा दगड. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारातल्या अंगाडिपुरम येथे तो पाहिला आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. नाव अचूक आहे, कारण खाणीतून निघताना हा दगड विटेच्या मातीसारखा कापता येतो आणि हवा लागली की टणक होत जातो. म्हणूनच ताजा काढलेला चिरा लगेच भिंतीत न घालता काही काळ उन्हावाऱ्यात ठेवण्याची जुन्या गवंड्यांची रीत होती. पण टणक झाला तरी तो सच्छिद्रच. बाजूने येणारा पाऊस तो एक वेळ सोसतो. वरून, उघड्या माथ्यातून, पाणी शिरले की ते थराथराने खाली उतरते, सांध्यातला चुना-सिमेंट धुपवते आणि भिंत पुढे कितीतरी दिवस ओल धरते. छप्पर आले की हे सगळे थांबते. म्हणजे जूनपूर्वी घर ‘पूर्ण’ करण्याची गरज नाही, त्याचे डोके झाकले की पुरे. लोक मात्र घर किती टक्के झाले ते मोजत बसतात, आणि साठ टक्क्यांवरचे घर चाळीस टक्क्यांवरच्यापेक्षा सुरक्षित आहे असे समजतात. पावसाच्या लेखी उघडे ते उघडे.

बाकीचे सारेच या एका रेषेभोवती फिरते, हा खरा घोळ आहे. पावसात चिरेखाणीत पाणी भरते. रेतीची ओढाताण तर बाराही महिन्यांची: तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी या नद्यांतला उपसा पर्यावरण परवान्यांच्या आणि न्यायालयीन आदेशांच्या कचाट्यात सापडल्यापासून गोव्यातली बांधकामे बरीचशी सिंधुदुर्गातून येणाऱ्या रेतीवर आणि दगड दळून केलेल्या कृत्रिम वाळूवर चालतात, पावसाळ्यात तीही आवक आटते. गृहकर्ज टप्प्याटप्प्याने मिळते. जोते झाले, बँकेचा अभियंता पाहून गेला, की एक हप्ता. स्लॅब झाला की पुढचा. स्लॅब जूनच्या पलीकडे गेला की हप्ताही जातो, हप्ता नाही म्हणून ठेकेदार माणसे दुसऱ्या कामावर हलवतो, आणि ऑक्टोबर आला तरी ती माणसे परत येतीलच असे नाही. दरम्यान दिलेल्या रकमेवर व्याज चालू असते, राहत्या खोलीचे भाडेही. आळस किंवा लबाडी कोणाचीच नसताना घर अडते, आणि मालकाला राग नेमका कोणावर काढावा ते कळत नाही.

आता कागदांकडे. अठरा आठवड्यांचा हिशेब पहिली कुदळ पडल्यापासूनचा आहे. कुदळीच्या आधीचे घर फाइलीत बांधले जाते. जमीन शेतीची असेल तर 1968 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 32 खाली रूपांतराची सनद लागते, आणि तिच्यासाठी मामलेदार, नगरनियोजन, वन अशा निरनिराळ्या खात्यांचे अहवाल गोळा व्हावे लागतात. मग नगर आणि ग्राम नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला, अभियंत्याचे प्रमाणपत्र आणि शेवटी पंचायतीचा बांधकाम परवाना. उतार कापायचा किंवा सखल जागा भरायची असेल तर त्याची परवानगी वेगळी. पंचायत राज कायद्यात परवान्याचा निर्णय 30 दिवसांत व्हावा अशी तरतूद आहे. पण ते 30 दिवस अर्ज परिपूर्ण असल्यावरचे, आणि अर्ज परिपूर्ण करण्यातच बहुतेकांचा घाम निघतो.

तो निघतो मुख्यतः एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीवर. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात आलेली पद्धत अशी की लग्नानंतर नवरा-बायको एकमेकांच्या मालमत्तेत सहसा समान भागीदार होतात आणि वारसा मुलगे-मुली दोघांकडे जातो. वारसाहक्काच्या भागाची जागा आता गोव्याच्या 2012 च्या कायद्याने घेतली असली तरी ही चौकट टिकून आहे. न्यायाच्या दृष्टीने ती देशातल्या बऱ्याच भागांपेक्षा पुढारलेली आहे, यात वाद नाही. पण घर बांधणाऱ्याच्या टेबलावर तिचा अर्थ असा होतो: आजोबांच्या नावची जागा, त्यांची पाच मुले, पाचांचे जोडीदार, म्हणजे दहा सह्या. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, न करता आणखी एक पिढी गेली की आकडा तिसाच्या पुढे सरकतो. त्यातला एक मुंबईत, एक आखातात, एक पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनात. यांपैकी कोणी नाही म्हणत नाही. ‘पुढच्या वेळी आलो की करून टाकू’ एवढेच म्हणतात. आणि त्यांची पुढची खेप चतुर्थीला किंवा नाताळला असते.

फाइल हलवायची ती नेमकी केव्हा, या प्रश्नाचे रूढ उत्तर आहे: पाऊस संपल्यावर. आषाढी ते कार्तिकी या काळात नव्या घराचा मुहूर्त सहसा धरत नाहीत, तुळशीचे लग्न होऊ देतात, आणि मुहूर्ताबरोबर सगळाच विचार पुढे ढकलतात. मुहूर्ताच्या चालीत हवामानाचे शहाणपण आहेच. चिखलात पाया कोण खणणार? पण मुहूर्त जमिनीला लागतो, फाइलीला लागत नाही. नोव्हेंबरात पहिला अर्ज करणाऱ्याला परवाना मार्च-एप्रिलमध्ये मिळतो, म्हणजे उघडिपीचा अख्खा मोसम कागदात जातो आणि पाऊस सुरू होताना तो परवाना हातात धरून बसलेला असतो. तोच अर्ज मागच्या पावसात, जूनमध्ये केला असता तर ज्या महिन्यांत बांधकाम तसेही बंद असते त्याच महिन्यांत कागद फिरले असते. चतुर्थीला घरी आलेल्या सगळ्या भावंडांच्या सह्या एका बैठकीत झाल्या असत्या. पावसाळा हा कागदांचा हंगाम आहे, एवढे एक मान्य केले तरी बरीच घरे एक वर्ष अलीकडे येतील, असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. आमच्या आज्यापणज्यांनी कुठे परवाने घेतले होते? त्यांची घरे शंभर वर्षे उभी आहेतच की! घरे उभी आहेत हे खरे. पण एक म्हणजे त्यांचे वेळापत्रक आपल्यापेक्षा कडक होते. मातीच्या भिंतीला वर नळे किंवा मंगळुरी कौले चढल्याशिवाय पावसाच्या तोंडी देण्याची सोयच नव्हती, म्हणून घर जूनपूर्वी शाकारता येईल एवढेच बांधायला घेत आणि उरलेली खोली पुढच्या वर्षी जोडत. आणि दुसरे, कागद नसल्याची किंमत त्या पिढीने दिली नाही, तर तिच्या नातवंडांनी दिली. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकारांना घरातून कोणी काढू नये म्हणून 1975 साली कायदा करावा लागला. घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क त्याने दिला, तरी तो हक्क नावावर करून घेण्याचे दावे मामलेदारांपुढे आजही चालू आहेत. शेजारच्या मयेची गोष्ट आणखी बोलकी आहे. मयेच्या कोंदीची, म्हणजे काउंटची, गावातली मालमत्ता 1961 च्या गोवामुक्तीनंतर परागंदा मालमत्ता ठरली आणि 1964 च्या कायद्याखाली सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. गावकरी ज्या घरांत जन्मले आणि म्हातारे झाले त्यांचे मालक होण्याची वाट काढायला 2014 चा स्वतंत्र कायदा यावा लागला. आणि मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा बांधकामांवर कारवाईचे आदेश दिल्यावर काय झाले ते ताजेच आहे: गावोगावचे लोक आपापले कागद धुंडाळू लागले आणि त्याच वर्षी सरकारला ‘म्हजे घर’ योजना आणून सरकारी आणि कोमुनिदादच्या (गावसंस्थेच्या) जमिनींवरची जुनी घरे नियमित करण्याची तरतूद करावी लागली. परवान्याविना वाचलेले सहा महिने असे व्याजासकट वसूल होतात.

दुसरा आक्षेप तंत्राचा. आता प्लास्टिक आहे, मिक्सर आहे, तयार काँक्रीटची गाडी येते. पाऊस अडवतो कशाला? शहरातला मोठा बिल्डर पावसात काम करतो हे खरे आहे. त्याच्याकडे वर छत असलेले खालचे मजले असतात, पंप असतात, आणि एका जागी अडले तर माणसे दुसरीकडे वळवायला जागा असते. दोनशे चौरस मीटरच्या भूखंडावर एकटे घर बांधणाऱ्याकडे यांतले काहीच नसते. तरीही हा आक्षेप अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा. पाऊस सगळे बांधकाम थांबवत नाही, तो उघडे बांधकाम थांबवतो. डोके झाकलेल्या घरात जुलै-ऑगस्टमध्ये पुष्कळ काही होते, शिवाय एक परीक्षाही फुकट होते. पहिल्या पावसात स्लॅबवर पाणी कुठे साचते, गच्चीचा उतार कुठे चुकला, अंगणातले पाणी जोत्याकडे येते की गडग्याकडे जाते, हे सगळे रंग देण्याआधी कळते. गोव्यात स्लॅबवर पुन्हा पत्र्याचे किंवा कौलांचे छप्पर दिसते ते या परीक्षेत नापास झालेल्या पिढीच्या अनुभवातून आलेले आहे.

या गणिताचा सगळ्यात वाईट परिणाम मात्र उशीर नव्हे, घाई आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आभाळ भरून येऊ लागते आणि मालक, ठेकेदार, गवंडी सगळे एकाच आवाजात म्हणतात, कसाही करून स्लॅब टाकू. मग काँक्रीट लवकर पसरावे म्हणून मिक्सरमध्ये दोन बादल्या पाणी जास्त जाते. सिमेंटच्या मानाने पाणी वाढले की काँक्रीटची ताकद घटते, हा नियम अमेरिकी संशोधक डफ एब्रॅम्स याने 1918 मध्येच मांडला. तो आकाशाकडे पाहून बदलत नाही. भारतीय मानक 456 सांगते की स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर खालचे टेकू किमान सात दिवस ठेवावेत, त्याहून मोठा असेल तर चौदा; सहा मीटरपर्यंतच्या तुळईला चौदा, त्यापुढे एकवीस. हेच मानक काँक्रीट साध्या सिमेंटचे असेल तर किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटचे असेल तर किमान दहा दिवस ओले ठेवायला सांगते, आणि आज बाजारात मिळते ते बहुतेक मिश्रच. पण मेअखेरीस टेकूंच्या मागे दुसरा गिऱ्हाईक उभा असतो. गावातले सगळे मालक एकाच महिन्यात स्लॅब टाकायला निघतात, तेव्हा फळ्या, टेकू, मिक्सर आणि सळ्या बांधणारी माणसे यांची रांग लागते. ठेकेदाराने चौघांना ‘मे अखेर’ सांगितलेले असते आणि चौघांनाही ते प्रामाणिकपणे सांगितलेले असते. मनुष्य आपल्या कामाच्या वेळेचा अंदाज नेहमीच कमी का धरतो, याला कानमन आणि ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये नावही दिले, ‘प्लॅनिंग फॅलसी’. इथे त्या स्वभावदोषाला वर्षातून एकदाच सुटणाऱ्या गाडीची जोड मिळते. म्हणून हिशेब जूनपासून मागे मांडताना स्लॅबची तारीख मेमध्ये न धरता मार्चमध्ये धरावी. तेव्हा टेकू स्वस्त असतात आणि माणसे मोकळी. आणि एप्रिलचा मध्य आला तरी भिंती लिंटेलला पोचल्या नसतील तर सरळ थांबावे, माथ्यावर सिमेंटचा थर देऊन वर पत्रे टाकावेत. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, घरच्यांना तर मुळीच नाही. पण भिजलेली भिंत ऑक्टोबरात वाळते. घाईत ओतलेला स्लॅब आयुष्यभर गळतो.

राहिला तिसरा आक्षेप, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. मोसमाचे असे गणित त्यालाच जमते ज्याच्या हातात सगळे पैसे एकदम असतात. पगारातून, सोसायटीच्या कर्जातून, बायकोच्या दागिन्यांतून घर उभे करणाऱ्याने काय करायचे? त्याने टप्प्याटप्प्याने बांधायचे, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. जॉन टर्नर या इंग्रज वास्तुविशारदाने पेरूतल्या वस्त्यांत वर्षे काढून, घर ही वस्तू नसून चालू क्रिया आहे असे मांडले. बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या आरण्य वसाहतीत भूखंड, शौचालय आणि एखादी खोली देऊन पुढचे घर राहणाऱ्यांवर सोपवले. चिलीतल्या इकिके शहरात 2004 साली अलेहांद्रो अरावेना यांनी 93 कुटुंबांना मुद्दामच अर्धी घरे दिली. उरलेला अर्धा भाग कुटुंबांनी ऐपतीप्रमाणे भरला. आपल्याकडे हेच चालते, फक्त आखणीविना. टप्पे करायचेच तर ते पावसाच्या रेषेवर करावेत: या मोसमात दोन खोल्या आणि त्यांच्यावरचा स्लॅब, पुढच्या मोसमात उरलेल्या दोन. चारही खोल्यांच्या अर्ध्या भिंती उचलून ठेवणे हा टप्पा नव्हे. आणि मंजुरी मात्र संपूर्ण घराच्या आराखड्याला एकदमच घ्यावी, म्हणजे पुढच्या खोलीसाठी त्या तीस सह्या पुन्हा गोळा कराव्या लागत नाहीत. परवान्याला मुदत असते, ती संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. ते विसरले की काम कितीही चांगले असो, कागदावर ते बेकायदा होते.

टप्प्याच्या घराची खूण गच्चीवर दिसते. खांबांच्या सळ्या स्लॅबच्या वर हातभर बाहेर ठेवलेल्या असतात, मुलाच्या मजल्यासाठी. कोणी त्यांच्यावर रिकाम्या बाटल्या उपड्या घालतो. बाटली टोकापुरते पाणी अडवते. गंज धरतो तो खाली, सळई जिथे काँक्रीटमधून बाहेर येते त्या सांध्याशी, कारण पाणी तिथे साचते. तिथून तो आत शिरला की लोखंड फुगते आणि खांबाच्या माथ्याला चीर जाते. त्यावर उपाय स्वस्त आहे: सळ्यांना सिमेंटचा घट्ट लेप द्यावा, किंवा हलक्या काँक्रीटचा ठोकळा करून त्यात त्या पुरून टाकाव्यात. वरचा मजला घ्यायच्या वर्षी तो ठोकळा एका दिवसात फोडता येतो. काम अर्ध्या पोत्याचे आहे आणि ते मेच्या आत करायचे आहे.